पाय पायडलावर, चपला दाराशी

सायकल चालवणाऱ्यांत हल्ली दोन पंथ पडले आहेत. एका पंथाचे बूट पायडलात अडकतात, दुसऱ्याचे अडकत नाहीत. पहिल्या पंथाची मंडळी रविवारी पहाटे मुंबई-ठाण्याकडून निघतात आणि वडखळच्या नाक्यावर नाश्त्याला थांबतात. त्यांच्या बुटांच्या तळाला क्लीट नावाचा खूर असतो. त्यामुळे हॉटेलच्या फरशीवर टक्-टक् करत, चवडे उचलून, ही मंडळी निव्वळ टाचांवर चालतात. ट्रेलर आणि खड्डे चुकवत एवढा रस्ता तोल सांभाळून आलेला माणूस टेबलापासून बेसिनपर्यंत मात्र भिंत धरत जातो. मिसळ तयार होईपर्यंत वेटर पोरं हा खेळ फुकटात बघतात.

बूट पायडलाला जखडायची ही कल्पना बर्फावरून आली. लुक नावाची फ्रेंच कंपनी स्कीवर बूट पक्के बसवायचे सांधे बनवायची. १९८४ साली तिने तीच युक्ती सायकलला लावली आणि १९८५ची तूर द फ्रान्स बर्नार ईनो त्या पायडलांवर जिंकला. शर्यत जिंकायची असेल तर उत्तमच आहे. पण पेणहून रोह्याला निघालेल्या माणसाला शर्यत जिंकायची नसते. वाटेत ओळखीचं कुणी दिसलं तर एक पाय खाली टेकून "काय, कधी आलात?" एवढं विचारायचं असतं. बूट अडकलेला असला की हेच वाक्य रस्त्यावर आडवं पडून विचारावं लागतं.

आम्ही दुसऱ्या पंथाचे, सपाट पायडलवाले. हा पंथ आम्ही विचार करून धरलेला नाही. सायकलीबरोबर जे पायडल आलं त्यावर पाय ठेवला, झाली दीक्षा. पण त्या पायात काय घालायचं, यावर परदेशात मोठं शास्त्र झालेलं आहे, हे मला आमच्या डोंबिवलीच्या भाच्याकडून कळलं. पडवीत बसून त्याने मला दीड कप चहाएवढं व्याख्यान दिलं. बुटाचा तळ सपाट हवा. तो कडक हवा, म्हणजे पायडलाभोवती वाकत नाही आणि तळवा दुखत नाही. पण तळाचं रबर मात्र मऊ आणि चिकट हवं, म्हणजे पायडलाला धरून राहतं. चार्ल्स कोल नावाच्या अमेरिकी गिर्यारोहकाने १९८५ साली फाइव्ह टेन ही कंपनी काढली ती कडे चढणाऱ्यांसाठी. खडकाला चिकटणारं तिचं रबर डोंगरातल्या सायकलवाल्यांनी आपल्या पायाखाली ओढलं आणि २०११ साली आदिदासने ती अख्खी कंपनीच विकत घेतली. सपाट पायडल म्हणजे गरिबाचं पायडल असं समजू नका मामा, भाचा म्हणाला. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल २०१७, २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ तीन वर्षं एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज सपाट पायडलांवर जिंकलाय.

भाच्याच्या पायात तसलेच बूट होते. सेलमध्ये घेतलेले, तरी माझ्या सायकलीहून महाग. पायडलंही वेगळी घेतली होती. धातूची, रुंद, आणि दोन्ही बाजूंना उभ्या बारीक पिना. बूट पायडलावर टेकला की या पिना रबरात रुततात आणि त्याला हलू देत नाहीत. बूट सुटलाच, तर पायडल गर्रकन फिरून येतं आणि त्याच पिना नडगीत रुततात. भाच्याच्या दोन्ही नडग्यांवर ओळीने टिंबं होती. "याला पेडल बाइट म्हणतात," तो अभिमानाने म्हणाला. आमच्याकडे याला धनुर्वाताचं इंजेक्शन म्हणतात.

आता माझं पायडल. काळी, चोवीस इंची, मागे कॅरिअर असलेली सायकल आणि तिला शोभणारं, मधल्या दांडीच्या दोन अंगांना रबरी ठोकळे असलेलं पायडल. नवं असताना ठोकळ्यांवर खाचा असतात. वर्षभरात त्या झिजून रबर गुळगुळीत होतं, मग एका बाजूचा ठोकळा फिरायला लागतो, मग तो पडतो, आणि मग उरलेल्या सळईवर माणूस आणखी कित्येक वर्षं काढतो. कॉटर ढिला झाला की दर फेऱ्याला एक 'टुक्' ऐकू येतं. ओळखीच्या घरांतून त्या आवाजावर चहाचं आधण चढतं. असल्या पायडलाला पिना नाहीत, पण अनवाणी पायाला ते जे सुख देतं ते दुसरं कुणी देणार नाही. भर पावसात आमच्याकडचा माणूस चपला काढून हँडलला अडकवतो आणि उघड्या तळव्याने पायडल मारतो. नव्या गिअरच्या सायकलींना जी प्लास्टिकची दातेरी पायडलं येतात, त्यांच्यावर हे जमत नाही. तिथे अनवाणी बसलं की दोन किलोमीटरमध्ये माणूस देवाधर्माला लागतो.

पण अनवाणी हा अपवाद. पेण-रोह्याकडचं खरं सायकली पादत्राण म्हणजे स्लीपर. कोरड्या दिवसांत तिच्यासारखं काही नाही. तळ सपाट, रबर मऊ, म्हणजे शास्त्राची दोन कलमं पूर्ण. पाऊस सुरू झाला की मात्र एकाच वेळी दोन घसरणी चालू होतात. एक पायडल आणि स्लीपर यांच्यामध्ये, दुसरी स्लीपर आणि पाय यांच्यामध्ये. पहिल्या घसरणीवर जगभरच्या कारखान्यांनी डोकं चालवलंय. दुसरीचा विचार कुणी केलेला नाही, कारण ज्यांनी विचार करायचा ते स्लीपर घालून सायकलवर बसत नाहीत. आणि आमच्या जिल्ह्यात पाऊस पडतो तो तीन हजार मिलिमीटरच्या हिशेबात. नागोठण्याहून रोह्याला जाताना भिसे खिंडीचा चढ लागतो. तिथे सीटवरून उठून जोर लावावा, तर ओला पाय पुढे सरकतो, सगळा भार अंगठ्याच्या बेचक्यात पट्ट्यावर येतो आणि पट्ट्याचं खालचं बुच टप्पकन भोकातून वर येतं.

या क्षणी काय करायचं ते कुठल्याही सायकलच्या पुस्तकात नाही. सायकल कठड्याला टेकवायची. एका पायावर उभं राहायचं. बुच बोटाने परत भोकात कोंबायचं. कोरडं असताना ते जात नाही, ओलं असलं की जातं, तेव्हा पावसाचे एवढे तरी उपकार मानायचे. भोक सैल झालं असेल तर तळाखालून बुचाच्या मानेत एक सेफ्टी पिन आडवी घालायची. ही पिन बायकोच्या बांगडीला असते आणि बायको पेणला असते. भाच्याच्या सीटखालच्या पिशवीत सहा मापांच्या किल्ल्या, पंक्चरच्या चिकटपट्ट्या, साखळीचा सुटा दुवा, सगळं आहे. सेफ्टी पिन नाही.

जुन्या दूधवाल्या-पाववाल्यांनी या दुखण्यावर इलाज काढलेला आहे. नीट बघा, ते चवडा पायडलावर ठेवतच नाहीत. तळव्याचा मधला भाग, जवळजवळ टाच, पायडलावर. बोटं आभाळाकडे, गुडघे बाहेर. शहरातून आलेले लोक याला हसतात आणि सीट वर घ्यायचा सल्ला देतात. पण चवड्याने दाबलं की टाच उचलली जाते आणि स्लीपर लोंबायला लागते. मधल्या तळव्याने दाबलं की स्लीपर पाय आणि पायडल यांच्या चिमटीत राहते. पोटरीही कमी भरून येते. अलीकडे परदेशातही, पाय मधोमध टेकता यावा म्हणून मुद्दाम लांब केलेली पायडलं निघाली आहेत आणि ती चांगल्या भावाने जातात. आमचा पाववाला रॉयल्टी मागायला गेलेला नाही. सकाळी त्याला वेळ नसतो.

स्लीपरचा सर्वांत उत्क्रांत नमुना बघायचा तर गणपतीच्या आधी हमरापूर-जोह्याच्या रस्त्यावर संध्याकाळी उभं राहावं. मूर्तींच्या कारखान्यांतून पोरं सुटत असतात. त्यांच्या स्लिपरांवर पितांबराचा पिवळा असतो, सोंडेचा गुलाबी असतो, उंदराचा करडा असतो, आणि पट्ट्यावर कुठेतरी मुकुटाचं सोनेरी बोट उमटलेलं असतं. तळाला प्लास्टरचे थर वाळून खरखरीत झालेले. असली स्लीपर रबरी पायडलावर टेकली की हलवून हलत नाही. त्यातल्या एकाला मी विचारलं, की बाबा रे, तू ही धूत का नाहीस? तो म्हणाला, "धुतली तर घसरते ना काका." चार्ल्स कोलला जे सुचलं ते याला प्लास्टरात सुचलं, एवढंच. पहिल्या मोठ्या सरीत मात्र सगळं पेटंट रस्त्यावर वाहून जातं.

रोह्याच्या बाजूला गोष्ट वेगळी. तिथे धाटावची औद्योगिक वसाहत, म्हणजे सेफ्टी शूज. कारखान्याच्या फाटकाआत ते घातल्याशिवाय सोडत नाहीत, मग काही जण घरूनच घालून सायकलवर बसतात. तळ कडक, म्हणजे भाच्याच्या शास्त्राप्रमाणे शंभर टक्के बरोबर. तेलावर घसरू नये असं रबर, तेही बरोबर. पुढे पोलादी टोपी, म्हणजे अंगठ्यावर जड काही पडलं तरी अंगठा शाबूत. फक्त वजन. प्रत्येक फेऱ्याला माणूस एक पाय उचलत नाही, एक वस्तू उचलतो. शिवाय त्या पोलादी नाकाचा पल्ला लांब. वळणावर हँडल फिरवलं की बुटाचं नाक पुढच्या मडगार्डवर आपटतं आणि सायकल त्या क्षणी स्वतःचं मत मांडते. शहाणे कामगार नाड्यांची गाठ मारून बूट हँडलला टांगतात, स्लीपरवर जातात आणि फाटकात पाय बदलतात. आता बहुतेकांनी मोटरसायकली घेतल्या, हा भाग निराळा. पण हँडलला बूट अजून टांगलेले दिसतात.

कोल्हापुरीबद्दल मी फार बोलणार नाही. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२५च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये तिच्यासारखीच चप्पल परस्पर मिरवली, तेव्हा तिची अब्रू आंतरराष्ट्रीय झालेली आहे. पण चामड्याचा तळ एकदा पॉलिश झाल्यासारखा झिजला की पायडलावर टिकत नाही, आणि आमच्या हवेत जुलैपर्यंत तिच्यावर बुरशीची लव येते. कोल्हापुरी ही सायकलच्या कॅरिअरवर बसून लग्नाला जाण्याची चप्पल आहे.

मग राहतात बूट. धावायचे बूट मऊ असतात आणि तोच त्यांचा दोष. गादीवर उभं राहून कपाट ढकलावं, तसा पायडलावरचा निम्मा जोर त्या फोममध्येच जिरतो. शिवाय रुंद टाच दर फेऱ्याला क्रँकला घासते. गमबूट हे पावसाचं पाणी गोळा करायचं साधन आहे. सायकलवर गुडघा वर-खाली होतो, प्रत्येक वेळी वरून थोडं पाणी आत जातं आणि गडबला पोचेपर्यंत दोन्ही पायांत पाळीव तळं तयार होतं. मे अखेरीस बाजारात छत्र्यांच्या शेजारी प्लास्टिकचे पावसाळी सँडल टांगतात, ते त्यातल्या त्यात बरे. पाणी आलं तसं जातं, मागे पट्टा असल्याने पाय सुटत नाही. पण ते चावतात. पहिल्या आठवड्यात खोबरेल तेल, दुसऱ्या आठवड्यात कापूस, तिसऱ्या आठवड्यात माणूस त्यांना सरावतो किंवा ते कामवाल्या बाईंच्या मुलाला जातात.

आणि खरं सांगायचं तर सपाट पायडलासाठी जगातला सर्वांत योग्य बूट आपण सगळ्यांनी शाळेत वापरलेला आहे. पीटीचा पांढरा कॅनव्हास. पातळ, सपाट रबरी तळ, अंगाबरोबर बसणारं कापड. १९६६ साली कॅलिफोर्नियात व्हॅन्स कंपनी निघाली, तिच्या सपाट रबरी तळाच्या कापडी बुटांवर तिथली स्केटबोर्डवाली पोरं आधी लट्टू झाली आणि त्यांच्यामागून सायकलवाली. आपण तसलाच बूट शनिवारी सकाळी खडू फासून कवायतीला घालत होतो आणि दहावी झाल्याबरोबर फेकून दिला. त्याचा दोष एकच, भिजला की तीन दिवस वाळत नाही. त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून फ्रीजच्या मागे ठेवावा लागतो आणि मग घरात कुणी फ्रीज उघडलं की भाजीच्या आधी बुटाचा वास येतो.

तोच कॅनव्हास आता मिळेल का, म्हणून मी पेणच्या बाजारपेठेतल्या एका दुकानात गेलो.

"सायकलसाठी बूट दाखवा."

"कितवीत आहे?"

"मला पाहिजे."

दुकानदाराने माझ्याकडे, मग बाहेर लावलेल्या सायकलीकडे बघितलं. "काका, तुम्ही तर बसून जाणार. चालायचं वाचलं. मग बूट झिजणार कुठे? आहे तीच चप्पल दहा वर्षं जाईल."

या युक्तिवादाला सॅम हिलकडेही उत्तर नसावं. तसा आमचा तालुका चालणाऱ्यांचाच. विनोबा भावे इथल्याच गागोद्याचे, १८९५ सालचा जन्म. १९५१ साली भूदानासाठी निघाले आणि पुढची कित्येक वर्षं देशभर पायीच फिरले. सायकलीचा मोह त्यांना पडला नाही, म्हणजे पायडलावर काय घालायचं हा प्रश्न त्यांनी मुळातच निकालात काढला. "चालायचे पुष्कळ आहेत," दुकानदार म्हणाला, आणि वरच्या फळीवरची खोकी काढायला काठी उचलली.

तिथे बाकावर बसून, एकामागून एक बूट पायात चढवताना आणि नाड्या सोडताना, माझ्या लक्षात एक गोष्ट आली. भाच्याच्या सगळ्या शास्त्रात माणूस सायकलवरच असतो. डोंगर उतरतो, उडी मारतो, पुन्हा चढतो. आमच्याकडे सायकल म्हणजे मुख्यतः उतरणं. आणि उतरलं की पादत्राण काढणं. डॉक्टरांकडे 'चपला बाहेर काढाव्यात'. बँकेत नाही, पण पतपेढीत हो, कारण फरशी नवी आहे. पापडवाल्या काकूंकडे ओटीवर पाय टाकण्याआधी. रोह्यात धावीर महाराजांच्या दर्शनाला अर्थातच. गणपतीत तर विचारू नका, एका संध्याकाळी आळीतली सगळी घरं. प्रत्येक उंबऱ्यावर नाड्यांचे बूट घातलेला माणूस वाकून उभा आणि त्याच्यामागे प्रसादाची ताटं घेऊन अडकलेली माणसं. तोपर्यंत स्लीपरवाले आत जाऊन आरती म्हणून, मोदक खाऊन, बाहेर आलेले असतात. मोजे फाटके आहेत हेही सगळ्या आळीला त्याच दिवशी कळतं. म्हणून आमच्याकडच्या चपलेची पहिली परीक्षा पायडलावर होतच नाही. ती हात न लावता, चालता चालता, पायातून सुटली पाहिजे. आणि परत येताना अंधारात, पन्नास जोडांत, नुसत्या पायाने चाचपून सापडली पाहिजे. पकड, कडकपणा, चिकट रबर हे पुढचे पेपर.

दुकानातून मी मागे वेल्क्रोचा पट्टा असलेले सँडल आणले. पट्टा मी लावत नाही.

भाचा मात्र त्याच बुटांवर पेणहून रोह्याला गेला. चाळीसेक किलोमीटर, जुलै महिना. त्याच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. नागोठण्यापर्यंत बुटांनी पायडल सोडलं नाही. खिंड त्याने न उतरता काढली. पिना आणि रबर यांनी आपापलं काम चोख केलं. बूट तेवढे चिंब झाले. त्यांच्यात नाकाला आणि टाचेला भरपूर मऊ अस्तर होतं, तेवढं सगळं पाणी प्यालं. रोह्याला ताईच्या, म्हणजे त्याच्या मावशीच्या दारात तो उतरला आणि पायरीवर बसून ओल्या नाड्यांची गाठ सोडवायला लागला. ती सुटेना. मावशीने विळी आणू का विचारलं. ताई शाळेत शिकवायची. तिने बुटांची किंमत विचारली आणि ती ऐकून कपाळाला हात लावला. "चिंतामणराव देशमुख आपल्या रोह्याचे. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्या सहीच्या नोटा देशभर चालल्या. त्या माणसाच्या गावात एवढ्या नोटा पायात घालून येतोस, आणि वर त्या ओल्या?"

जेवण झालं. बूट पडवीत वाळत होते, म्हणजे त्यांच्याखाली थारोळं वाढत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचं कुत्रं आलं आणि उजवा बूट घेऊन गेलं. तो अंगणाच्या टोकाला सापडला. नाड्या शाबूत होत्या, जीभ नव्हती.

भाचा परत पेणला आला तो मावशीकडच्या निळ्या पट्ट्याच्या स्लिपरांवर, पिनांच्या पायडलांवर, बूट पिशवीत घालून हँडलला टांगून. पिना स्लीपरच्या रबरात अशा रुतल्या होत्या की आमच्या दारात त्याला आधी पाय काढून घ्यावा लागला आणि मग वाकून स्लिपरा पायडलांवरून सोडवाव्या लागल्या. खिंडीत बुच निघालं का, मी विचारलं. नाही म्हणाला. कसली ग्रिप आहे मामा, हे ब्रँडेड आहे का? त्याने तळ उलटा करून नाव शोधलं. तिथे नाव नव्हतं, पिनांची भोकं होती.

तेवढ्यात ताईचा फोन आला. पोचला का, जेवला का, ते सगळं झालं. मग म्हणाली, "त्या स्लिपरा उद्याच्या गाडीने कुणाबरोबर तरी पाठव. संडासाला जायला घरात तेवढा एकच जोड आहे."